शोधपत्रिकांचे दार सार्वजनिक ग्रंथालयांसाठीही उघडावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशभरातील संस्थांसाठी शोधपत्रिकांची, म्हणजे संशोधनपर लेखांच्या नियतकालिकांची, एकत्रित वर्गणी भरणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या योजनेची विद्यापीठांमध्ये आणि संशोधन संस्थांमध्ये बरीच चर्चा झाली आणि तिचे स्वागतही झाले. मात्र जो वाचक कोणत्याही विद्यापीठाच्या पटावर नाही, त्याला या योजनेतून काय मिळणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते. गेल्या काही काळात ऑनलाइन शोधसंग्रह आणि ई-पुस्तके यांचा आमच्या वाचकांसाठी कसा उपयोग करता येईल, हे पाहताना जे हाती लागले आणि जिथे वाट अडली, ते आपल्या वाचकांसमोर आणि धोरण ठरवणाऱ्यांसमोर यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी या योजनेला मंजुरी दिली. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे 13,000 शोधपत्रिका त्यामुळे देशातील 6,300 हून अधिक शासकीय उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुल्या झाल्या. त्यांचा लाभ सुमारे 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांना मिळेल, असे सरकारने त्या वेळी सांगितले होते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडे या योजनेचे काम आहे. पूर्वी प्रत्येक संस्था प्रकाशकाशी स्वतंत्र करार करून स्वतंत्र पैसे मोजत असे आणि लहान महाविद्यालयांना तर ते परवडतच नसे. त्या जागी संपूर्ण देशाने एकत्र वाटाघाटी करणे हा योग्य निर्णय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या मोठ्या रकमेतून ही वर्गणी भरली जाते, ती सर्व नागरिकांच्या करांतून येते आणि तरीही सार्वजनिक ग्रंथालयात बसलेल्या नागरिकाला त्यातला एक लेखही उघडता येत नाही, ही गोष्ट मात्र मला खटकते.

अशा ग्रंथालयात शोधपत्रिका वाचणार कोण, असे कोणी विचारेल. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत आणि फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाने किती बागायतदारांची घडी विस्कटली, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. या रोगावर जगात काय काम चालले आहे, कोणत्या फवारणीचे निष्कर्ष प्रत्यक्ष प्रयोगातून आले आहेत आणि कोणते केवळ विक्रेत्याच्या तोंडचे आहेत, हे जाणून घेऊ इच्छिणारे कृषी पदवीधर शेतकरी आमचे सभासद आहेत. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयात शिकवणारे तरुण अध्यापक पीएच.डी.च्या तयारीसाठी येतात. त्यांचे महाविद्यालय या योजनेत नाही आणि विद्यापीठात त्यांची नोंदणी अजून झालेली नाही. तालुक्याचा इतिहास लिहिणारे सेवानिवृत्त शिक्षक आहेत. उपजिल्हा रुग्णालयातील परिचारिका आहेत, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी तर अभ्यासिका उघडण्याआधीच दारात उभे असतात. पूर्वी यांच्यापैकी कोणी काही विचारले, की मी कपाटातले पुस्तक काढून देत असे किंवा ‘हे आपल्याकडे नाही, सोलापूरला किंवा पुण्याला मिळेल’ असे सांगत असे. पुण्याला जाऊन एका लेखाची छायाप्रत आणणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांचा प्रश्न तिथेच संपत होता.

म्हणून मी आधी विनामूल्य काय उपलब्ध आहे, हे नीट शोधायचे ठरवले. ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक झाले आणि त्यातून ‘शोधगंगा’ हा संग्रह उभा राहिला. त्यात आज लाखो प्रबंध आहेत आणि ते वाचण्यासाठी कोणत्याही संस्थेचे ओळखपत्र लागत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘कृषिकोश’वर कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि जुनी प्रकाशने मिळतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात डाळिंबावर झालेले काम आमच्या वाचकाने प्रथम तिथेच पाहिले, आणि सोलापुरातच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळे पुढचे प्रश्न थेट कुठे विचारायचे, हेही त्याला कळले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात 2003 साली 300 शोधपत्रिकांपासून सुरू झालेल्या ‘डीओएजे’ या सूचीत आज 20,000 हून अधिक मुक्त शोधपत्रिका नोंदलेल्या आहेत. वैद्यकीय विषयांसाठी ‘पबमेड सेंट्रल’ आहे. ‘जेस्टोर’ या शोधपत्रिकांच्या ऑनलाइन संग्रहावर नाव नोंदवले, तर महिन्याला ठरावीक लेख पडद्यावर विनामूल्य वाचता येतात आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंकही तिथे आहेत.

मराठीचे भांडारही लहान नाही. मराठी विश्वकोश संपूर्ण वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने ई-पुस्तकांच्या रूपात विनामूल्य दिली आहेत आणि राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा खंड 1884 साली छापला गेला. तो आमच्या ग्रंथालयाने कधी विकत घेतला नव्हता, आणि घ्यायचा म्हटले तरी मिळाला नसता. आता तालुक्याच्या इतिहासावर काम करणारे आमचे सभासद 1876–77 च्या दुष्काळासंबंधीचा मजकूर आणि जुन्या तलावांच्या नोंदी त्याच खंडातून उतरवून घेतात. हे पाहताना या कामाचे मोल मला पुरेपूर जाणवले आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटली.

या साधनांपर्यंत वाचक आपोआप पोहोचत नाही, हेही मला याच काळात समजले. भ्रमणध्वनीवर सर्व काही मिळते, असा समज आहे. पण साध्या शोधात वरती येते ते बहुधा जाहिरातीचे पान किंवा कोणीतरी कुठून तरी उतरवलेला मजकूर असतो. लेखाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, एकच लेख प्रकाशकाकडे बंद पण लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात खुला असू शकतो, ‘अनपेवॉल’सारखे साधन अशी खुली प्रत शोधून देते आणि तीही नसेल तर लेखकाला विनंतीचे पत्र पाठवल्यास बरेच संशोधक आनंदाने प्रत पाठवतात, या गोष्टी वाचकाला कोणीतरी शेजारी बसून दाखवाव्या लागतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट शोधपत्रिका कशा ओळखाव्यात, हेही सांगावे लागते. कारण औषध किंवा फवारणी यांच्या बाबतीत अशा लेखावर विसंबणे महागात पडते. चोरून प्रती पुरवणारी संकेतस्थळे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु शासनमान्य संस्थेने तो मार्ग दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि मी तो दाखवत नाही. या मार्गदर्शनासाठी आज तालुक्यात सार्वजनिक ग्रंथालयाखेरीज दुसरी जागा नाही.

मराठीत शोध घेताना आणखी एक अडचण येते, आणि ती पैशांची नाही. शोधगंगेवरील मराठी प्रबंधांपैकी काहींची शीर्षके देवनागरीत, तर काहींची रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि रोमन लिपीतही एकच शब्द वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला सापडतो. त्यामुळे एकाच विषयासाठी तीन-चार तऱ्हांनी शोध घ्यावा लागतो. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची एकसमान संगणकीय अक्षरपद्धती येण्याआधीच्या फाँटमध्ये बरेच प्रबंध टंकलेले आहेत. ते पडद्यावर नीट दिसतात, पण त्यातला शब्द शोधता येत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर निरर्थक अक्षरे उमटतात. जुन्या ग्रंथांच्या फायली म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे आहेत. डोळस वाचकाची यात गैरसोय होते, पण दृष्टिहीन वाचकाला तर अशी फाइल पूर्णपणे बंद असते, कारण पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्यात अक्षरच सापडत नाही. 2016 साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाने अशा वाचकांसाठी मोलाचे काम केले आहे. तरीही राज्याच्या पैशातून जे मराठी साहित्य संगणकावर आणले जाते, ते सुरुवातीपासूनच शोधता आणि ऐकता येईल अशा युनिकोड स्वरूपात का असू नये? देवनागरी छापील मजकूर ओळखणारी साधने आता बऱ्यापैकी काम करतात. त्यानंतर मुद्रितशोधनासाठी माणसे लागतील, आणि ते काम करू शकणारे निवृत्त शिक्षक गावोगाव आहेत.

आता बंद दारांविषयी. डाळिंबाच्या रोगावरील ज्या लेखांचा उल्लेख प्रत्येक प्रबंधाच्या संदर्भसूचीत येतो, त्यातले अनेक लेख उघडायला गेले की किंमत दिसते. ती साधारणपणे तीस-चाळीस डॉलर, म्हणजे एका लेखासाठी काही हजार रुपये असते. आमच्या ग्रंथालयात तेवढ्या पैशांत सभासदांसाठी दहा-बारा मराठी पुस्तके येतात. हाच लेख जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाच्या आवारात बसलेला विद्यार्थी एका कळीसरशी वाचतो, कारण त्याची वर्गणी देशाने आधीच भरलेली आहे. त्या विद्यार्थ्याला ती सोय मिळू नये असे मी कधीच म्हणणार नाही. पण ज्याच्या शेतात तो रोग आहे, त्यालाही ती मिळावी, एवढीच माझी मागणी आहे. योजनेच्या पुढच्या टप्प्यांत सार्वजनिक ग्रंथालयांतून नागरिकांना प्रवेश देण्याची कल्पना चर्चेत आलेली आहे. चर्चेतली ही गोष्ट करारात यायला हवी.

असे कुठे होत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. ब्रिटनमध्ये 2014 साली प्रकाशकांच्याच सहकार्याने सार्वजनिक ग्रंथालयांतील संगणकांवर शोधपत्रिकांतील लेख विनामूल्य वाचण्याची सोय सुरू झाली. अट इतकीच, की वाचकाने ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचावे. प्रकाशकाचे यात काही बुडत नाही, कारण आमच्याकडे येणारा शेतकरी किंवा परिचारिका तो लेख विकत घेणारच नसतात. आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. 1910 साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली, आणि फिरत्या ग्रंथपेट्या संस्थानातील खेड्यांपर्यंत पोहोचवल्या. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे ग्रंथांनी जावे आणि त्याचा खर्च राज्याने करावा, हे तत्त्व त्या काळात मान्य झाले होते. आज गावात ग्रंथालय आहे, संगणक आहे, जोडणी आहे. फक्त परवानगी नाही.

ई-पुस्तकांची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. छापील पुस्तक विकत घेतले, दाखल नोंदवहीत चढवले, शिक्का मारला, की ते ग्रंथालयाचे होते आणि वर्षानुवर्षे देवघेवीत फिरते. ई-पुस्तकाच्या बाबतीत खरेदीदाराला बहुधा फक्त स्वतः वाचण्याचा परवाना मिळतो. ते दुसऱ्याला वाचायला देण्याचा अधिकार त्यात नसतो. ग्रंथालयाने एका व्यक्तीच्या नावाने ते विकत घेऊन सभासदांत फिरवणे कराराच्या विरुद्ध ठरते. मी काही मराठी प्रकाशकांकडे ग्रंथालयासाठी वेगळा परवाना मिळेल का, अशी चौकशी केली. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले, पण तशी व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती. त्यांची भीतीही मला समजते. हजार प्रतींची आवृत्ती काढायची, तिचा मोठा भाग ग्रंथालयांनी घ्यावा अशी आशा ठेवायची, आणि त्याच पुस्तकाची फाइल व्हॉट्सॲपवर गावभर फिरताना पाहायची, हा अनुभव त्यांना नवा नाही. यावर मार्ग आहे. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, ठरावीक मुदतीनंतर पुस्तक आपोआप परत, आणि परवान्याला योग्य किंमत, या अटींवर परदेशातील सार्वजनिक ग्रंथालये अनेक वर्षे ई-पुस्तके देत आहेत. तालुक्याचे एक ग्रंथालय प्रकाशकाशी असा करार करू शकत नाही. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाने मात्र सर्व ग्रंथालयांच्या वतीने मराठी प्रकाशकांशी असा करार करावा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे. एवढा मोठा ग्राहक एकत्र उभा राहिला, तर प्रकाशकांनाही त्यात निश्चित उत्पन्न दिसेल आणि लेखकाला मानधन मिळेल.

इथे अनुदानाच्या नियमांचा विषय येतो आणि तो टाळता येणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 सालचा आहे आणि मान्यता व अनुदानाचे नियम 1970 सालचे. त्यांचा गाभा आजही छापील ग्रंथांच्या संख्येवर, वृत्तपत्रांवर, नियतकालिकांवर आणि सभासदसंख्येवर बेतलेला आहे. त्या काळासाठी ते योग्यच होते, आणि या अधिनियमामुळेच राज्यात एवढी ग्रंथालये उभी राहिली. पण वर्षाच्या तपासणीत कपाटातली पुस्तके मोजली जातात; एखाद्या सभासदाला मी शोधगंगेवरील प्रबंध काढून दिला, गॅझेटियरमधली हवी ती पाने मिळवून दिली, तर त्या सेवेची नोंद करायला रकाना नाही. ई-साधनाच्या वर्गणीवर केलेला खर्च ग्रंथखरेदीत धरावा की इतर खर्चात, याची संदिग्धता असल्याने कार्यवाह आणि विश्वस्त तो करायला कचरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. अनुदानाचा मोठा भाग वेतन आणि ग्रंथखरेदीत जातो. वेतनही असे, की ग्रंथालयशास्त्र शिकलेली तरुण मुले तालुक्याच्या ग्रंथालयात टिकत नाहीत. त्यामुळे या नव्या कामाचे प्रशिक्षण द्यायचे तर ते आज काम करणाऱ्या ग्रंथपालांनाच, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत, संगणकासमोर प्रत्यक्ष बसवून द्यावे लागेल. व्याख्यानांनी ते होणार नाही.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याने ग्रंथालयांना दिलेल्या सवलतीही फार थोड्या जणांना माहीत आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवता येते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे उलटली की त्याचे साहित्य सर्वांसाठी मुक्त होते. जुन्या तालुका वाचनालयांत स्थानिक नियतकालिके, संस्थांचे अहवाल, संमेलनांच्या स्मरणिका असे साहित्य आहे, जे इतरत्र कुठेच उरलेले नाही, आणि ज्याचा कागद हाताळताच तुटतो. आपल्या ग्रंथालयांनी केवळ बाहेरचे ज्ञान मागावे असे मी म्हणत नाही. आमच्याकडचेही पुष्कळ काही देशाच्या डिजिटल संग्रहात जाण्याच्या योग्यतेचे आहे. जिल्ह्याला एक चांगले स्कॅनर आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस मिळाला, तरी हे काम सुरू होईल.

सध्याचा करार 2027 अखेर संपतो. नव्या करारासाठी प्रकाशकांशी बोलणी त्याच्या बरीच आधी सुरू होतील, आणि एकदा अटी ठरल्या की पुन्हा काही वर्षे त्यात बदल होणार नाही. म्हणून ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्या नागरिकाचा उल्लेख त्या करारात स्पष्टपणे असावा, सुरुवात जिल्हा ग्रंथालयांपासून आणि तालुक्याच्या, शासकीय वर्गवारीतील ‘अ’ व ‘ब’ वर्ग ग्रंथालयांपासून करावी, आणि राज्य शासनाने ही मागणी केंद्राकडे लेखी स्वरूपात आत्ताच नोंदवावी, अशी माझी विनंती आहे. राज्यातील खासदारांनीही हा प्रश्न संसदेत विचारावा. ग्रंथालय संघाच्या पदाधिकाऱ्यांनी अनुदानवाढीच्या मागणीबरोबर हीही मागणी आपल्या निवेदनात घालावी, कारण वाढीव अनुदानातून या शोधपत्रिका कोणत्याही एका ग्रंथालयाला कधीच विकत घेता येणार नाहीत. प्रायोगिक तत्त्वावर काही ग्रंथालये निवडायची असतील, तर संगणक, जागा आणि वाचकांची नोंदवही या तिन्ही गोष्टी आमच्या ग्रंथालयात तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल,
जि. सोलापूर